एकतीस नंबरची कवटी

१

रविवारी सकाळी नऊला राजारामपुरीतल्या त्या स्कॅन सेंटरचं शटर अर्धंच वर जायचं. पेशंटांना सुट्टी असायची आणि यंत्र पद्मजा किणीकरच्या वाट्याला यायचं. १९८८ साल होतं. कोल्हापुरात सीटी स्कॅन म्हणजे अजून नवलाची गोष्ट होती. रस्त्यानं जाणारी माणसं सेंटरकडं बोट करून सोबत्याला सांगायची, "तितं डोस्कं कापत्यात, पर रगात येत न्हाय."

पद्मजा चौतीस वर्षांची होती. एका वैद्यकीय कॉलेजात ती शरीररचना शिकवायची आणि प्रबंधासाठी चाळीस कवट्या मोजत होती. कवटीच्या तळाला लहानमोठी बरीच छिद्रं असतात. वास, नजर, ऐकणं, गालावरून फिरलेल्या बोटाची जाणीव, हे सगळं नसांवाटे त्या छिद्रांतून आत मेंदूपर्यंत पोचतं. ही छिद्रं तिनं आधी हातानं मोजली होती. आता तीच यंत्रावर मोजायची आणि दोन्ही मापं जुळतात का ते बघायचं, एवढंच काम होतं. कंटाळवाणं होतं, पण पद्मजाला ते आवडायचं.

कवट्या आणायचं काम आकाराममामांचं. विभागातले हे शिपाई मूळचे गगनबावड्याकडचे. तीस वर्षं त्यांनी हाडं उकळली, घासली, वाळवली होती. खोक्यातून कवटी काढली की धोतराच्या सोग्यानं ती अशी पुसायचे, जशी घरातली कळशीच. मग यंत्र चालवणारा कृष्णात ती थर्माकोलच्या कड्यात बसवायचा. कृष्णात पेठ वडगावचा, रोज एसटीनं येणारा, तिशीतला अबोल गडी.

टेबल सरकायचं, यंत्राचं मोठं कडं घुर्रर्र करायचं, आणि अर्ध्या मिनिटानं काचेपलीकडच्या पडद्यावर एकेक काप उमटायचा. हाड पांढरं, पोकळी काळी. भाकरीची चवड एकेक भाकरी उचलून बघावी तशी अख्खी कवटी तासाभरात बघून व्हायची.

जूनच्या दुसऱ्या रविवारी एकतीस नंबर लागला. नाकाच्या वर कपाळाच्या तळाशी हाडाची एक चाळणी असते. वासाच्या नसा तिच्यातून वर जातात. पडद्यावर तिथं बारीक काळे ठिपके दिसायला हवे होते.

तिथं एक सलग पांढरी रेघ होती.

"काप जाड झालाय का?" पद्मजानं विचारलं.

"न्हाय मॅडम. दीड मिलिमीटरच लावलाय." कृष्णातनं पुन्हा घेतला. पुन्हा तीच रेघ आली.

२

सोमवारी तिनं एकतीस नंबरची कवटी खिडकीपाशी नेली. मार्चमध्ये हीच कवटी तिनं याच खिडकीत उजेडाकडं धरली होती. चाळणीतून उजेडाचे टाचणीएवढे ठिपके आले होते, ते तिनं मोजून वहीत मांडले होते. उजवीकडं एकवीस, डावीकडं एकोणीस. आज एकही ठिपका आला नाही. तिनं केरसुणीची काडी आत घालून बघितली. काडी मोडली.

कवटी बदलली असेल? पण जबड्याच्या कोनावर तिच्याच हस्ताक्षरात, तिच्याच हिरव्या शाईत ३१ लिहिलेलं होतं. मग मेण गेलं असेल, माती बसली असेल. तिनं कवटी रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी ब्रशनं घासली. मातीबिती काही नव्हतं. हाडच होतं, गुळगुळीत. कधी भोक पडलंच नव्हतं असं.

"मामा, ही कवटी तुम्ही कशात उकळली होती?"

"ही? ही जुनीच की ओ. माज्या हाताखालनं लई येळा गेलीया." आकाराममामा मुडदे ठेवायच्या टाकीचं झाकण उघडून उभे होते. त्या टाकीवर वाकलं की नवीन पोरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मामा मात्र देवळात उभं राहावं तसे निवांत उभे होते. "मॅडम, ह्येच्यात औषध घाटलंय न्हवं? मला वासच येत न्हाय. आट दिस झालं. घरात रस्सा केलता तरी नुसतं ऊन पाणी पिल्यागत."

"सर्दी असेल."

"सर्दीबी न्हाय ओ. नाक मोकळंच हाय."

पावसाळा तोंडावर आला की निम्म्या कोल्हापूरला सर्दी होते. एका म्हाताऱ्या माणसाचं नाक आणि एका वाळलेल्या कवटीचं हाड यांचा संबंध जोडणारा विद्यार्थी असता, तर पद्मजानं त्याला वर्गाबाहेर काढला असता.

३

पुढच्या रविवारी बत्तीस नंबर लावायचा होता. तिनं एकतीसच लावायला सांगितला.

चाळणी बंदच होती. काप खाली सरकत कानाच्या पातळीवर आले. कानाची नस ज्या बोगद्यातून आत जाते तो उजवीकडं नेहमीसारखा काळा होता. डावीकडं पांढरं होतं.

"मागल्या आयतवारी ह्ये उगडं हुतं, मॅडम." कृष्णातनं मागची फिल्म दिव्यापुढं लावली. होतंच उघडं. दोन्ही फिल्मांवर तारीख होती, नंबर होता, त्याची सही होती.

"आकाराममामा!" तिनं दारातून हाक मारली. मामा बाकावर बसले होते, त्यांनी मान वळवली नाही. ती पलीकडच्या बाजूनं गेली तेव्हा दचकून उठले.

"ह्या अंगानं बोला, मॅडम. डावा कान बसलाय. परवापास्नं."

तिनं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. चिठ्ठी आली: पडदा ठीक, मळ नाही, डाव्या बाजूला ऐकू येत नाही, कारण समजत नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून पेपर वाचत होती. आई आतून धावत आली आणि तिनं स्टोव्ह बंद केला. पातेल्यातलं दूध करपून काळं झालं होतं, घरभर धूर झाला होता.

"अगं, उभी आहेस की काय झोपलीस? रस्त्यापर्यंत वास गेलाय!"

पद्मजानं पातेलं नाकाशी धरलं. मग हिंग उघडला. मग फिनेलची बाटली. मग ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

४

आकाराममामांचं डोकं स्कॅन करायला डॉक्टर शिरगुप्पे लगेच तयार झाले. सेंटर त्यांचंच होतं. मामा टेबलावर झोपताना म्हणाले, "आजवर दुसऱ्याची ठिवली, आता माजी ठेवा."

डॉक्टरांनी दिव्यापुढं दोन फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. एक मामांची, एक कवटीची. चाळणी बंद, चाळणी बंद. डावा कान बंद, डावा कान बंद. फरक एवढाच, की कवटीत आता गालांच्या नसांची भोकंही बुजत आली होती आणि मामांची अजून उघडी होती.

"हाडं दाट होण्याचा आजार असतो," शिरगुप्पे चष्मा पुसत म्हणाले. "क्वचित असतो, पण असतो. छिद्रं आवळत जातात."

"पंधरा दिवसांत?"

"माहीत नाही."

"आणि वाळलेल्या हाडाला, सर?"

डॉक्टरांनी चष्मा घातला आणि फिल्मेजवळ वाकले. "हे बघितलंस का?" त्यांनी पेन्सिलीचं टोक कानाच्या बोगद्यावर ठेवलं. "आजारात हाड चहूबाजूंनी वाढतं. हे आतल्या तोंडाला जाड आहे, बाहेर पातळ. म्हणजे सुरुवात आतून झालीय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दार आतून ओढून घ्यावं तसं."

एवढं बोलल्यावर त्यांनी दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: कॉलेजची हाडं पुन्हा सेंटरला आणू नयेत.

पद्मजानं वहीत तीन रकाने आखले. कवटी, मामा, मी. कवटीत जे आज बंद होतं ते मामांना काही दिवसांनी लागू होत होतं आणि तिला आणखी पंधरा दिवसांनी. कृष्णातसाठी चौथा रकाना तिनं आखला, पण त्यावर नाव घातलं नाही. त्यानं कवटी हातात घेतली होती ती क्षणभरच, टेबलावर बसवण्यापुरती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाढी करताना मामांचा गाल कापला आणि रक्त गळ्यावरून सदऱ्यात उतरेपर्यंत त्यांना कळलं नाही. त्यानंतर पद्मजाचा डावा कान गेला. तोही कसा, तर दुपारी चालू तासात, एका वाक्याच्या मधेच. वाक्य तिनं पुरं केलं.

५

शेवटचा स्कॅन कृष्णातनं डॉक्टरांना न विचारता केला. त्याचं कारण त्यानं सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "मलाबी बगू द्या, मॅडम."

कवटी उचलून कड्यात ठेवताना त्याचा हात खाली गेला. "जड लागतीया."

पडद्यावर एकेक काप येऊ लागला. डोळ्यांच्या नसांची दोन्ही भोकं बंद होती. उजवा कान निम्मा बंद होता. तळाचं सगळ्यात मोठं छिद्र, जिथून मेंदू मणक्यात उतरतो, रुपयाएवढं असतं. ते आता सदऱ्याच्या बटणाएवढं उरलं होतं. पण दोघंही बघत होते ते भलतंच.

कवटीतली पोकळी काळी नव्हती. राखाडी होती.

"यंत्र बिघडलंय," पद्मजा म्हणाली. तिला तसं व्हायला हवं होतं.

कृष्णातनं पाण्याची बाटली टेबलावर ठेवून यंत्र तपासलं. हवेच्या दाटपणाचा आकडा उणे हजार आला, पाण्याचा शून्य. जसा यायला हवा तसाच. मग त्यानं कवटीच्या काळोखात, म्हणजे त्या राखाडीत, पडद्यावरचा मापाचा चौकोन ठेवला आणि आकडा वाचला.

"पस्तीस."

"मेंदूचा किती येतो?"

"तुमास्नी ठावं हाय की."

कॉलेजात परत आल्यावर तिनं कवटी अवयव तोलायच्या काट्यावर ठेवली. मार्चमध्ये सहाशे ऐंशी ग्रॅम भरली होती. आज दोन किलोला चाळीस ग्रॅम कमी. तिनं मोठ्या छिद्राला बोट लावून बघितलं. बोट आत जात नव्हतं. करंगळीचं टोक फक्त टेकलं, आणि तिनं झटकन हात मागं घेतला. आपण हात का घेतला ते तिला सांगता आलं नसतं.

६

"कापू या," मामा म्हणाले.

दोन दिवसांपूर्वी त्यांची नजर गेली होती. बायको तानाबाई त्यांना हाताला धरून विभागात घेऊन आली होती आणि बाहेर जिन्यावर बसली होती. उजव्या कानानं मामांना अजून ऐकू येत होतं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर पाऊस लागून राहिला होता, शेजारच्या वर्गात पोरांचा दंगा चालला होता. सगळं रोजच्यासारखं.

"तीस वर्सं मी ह्यास्नी घासलं, पुसलं. कुनाच्या डोस्क्याला पाय लागू दिला न्हाय. मग माज्यावरच का? एकदा बगू तरी द्या, काय हाय ते."

"मामा, तुम्हाला दिसणार नाही."

"हातानं बगतो."

कवटी शिकंज्यात धरून पद्मजानं करवत लावली. वाळलेलं हाड कापताना कोरडा, खडूसारखा भुगा उडतो. हा उडाला नाही. पात्याला चिकटून राहिला, ओलसर. ती कापत राहिली. दुखतंय का असं कुणाला तरी विचारावं, असा खुळा विचार तिच्या मनात आला. तिनं मामांकडं बघितलं. ते शांत होते. वरच्या बाजूला चार बोटं लांब चीर पडली तशी तिनं करवत थांबवली.

"वास येतोय का कसला?" मामांनी विचारलं.

"मला येत नाही, मामा."

"व्हय की. तुमचंबी गेलंय."

दाराशी एक विद्यार्थिनी वही घेऊन आली, एक पाऊल आत टाकलं, आणि ओढणी नाकातोंडावर दाबून आल्या पावली पळाली. जिन्यावर तिच्या ओकण्याचा आवाज आला.

मामांनी चाचपत हात पुढं केला. पद्मजानं त्यांचं बोट चिरेवर नेऊन ठेवलं. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "आत ऊन हाय."

तिनं बॅटरी लावली आणि वाकून चिरेला डोळा लावला. आत कुठं तरी उजेड परत फिरला, ओल्या वस्तूवरून फिरतो तसा. ती नीट बघणार इतक्यात ती चमक दोन्ही बाजूंनी बारीक होत गेली. चीर मिटतेय की आपले डोळे, हे तिला ठरवता येईना. तिनं मान वर केली. खिडकी होती, पाऊस होता, मामा होते. पण सगळं लांब, नळीतून बघावं तसं.

"काय दिसलं?" मामा विचारत होते. "ओ मॅडम, काय दिसलं?"

"काही नाही, मामा."

"खोटं बोलू नगासा."

पण ती खोटं बोलत नव्हती. खरंही बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चिरेच्या जागी नखालाही लागणार नाही अशी गुळगुळीत कवटी होती.

७

आकाराममामा त्यानंतर नऊ दिवस होते. शेवटचे चार दिवस त्यांना ना दिसत होतं ना ऐकू येत होतं. हाताला हात लागला की कोण ते ओळखायचे. तानाबाई त्यांच्या तळहातावर बोटानं काही तरी गिरवत बसायची. तिला लिहिता येत नव्हतं, नुसत्या रेघा ओढायची. मरायच्या आदल्या दिवशी ते घाबरून ओरडले, "तानू, ह्यो कोन आत बोलतोय?" तिनं ही गोष्ट पद्मजाला जशीच्या तशी सांगितली आणि विचारलं, "बाई, कान गेलेल्या मानसाला कोन बोलल ओ?"

तोवर पद्मजाला समोर बसलेल्या तानाबाईच्या लुगड्याचा रंगच तेवढा कळत होता. आठवड्यानं तोही कळेनासा झाला.

कवटी कृष्णातनं पोत्यात बांधून पंचगंगेच्या पुरात सोडली. तिनं सांगितलं म्हणून नव्हे, त्याला वाटलं म्हणून. त्यानं फरक काहीच पडला नाही. एवढंच झालं, की पुढं काय, कधी, हे आधी बघायची सोय गेली.

फिल्मा पाठवल्या होत्या त्या मुंबईच्या डॉक्टरांची पत्रं आली. आई ती मोठ्यानं वाचायची. 'अत्यंत दुर्मीळ', 'अधिक तपासण्या', 'आपण येऊ शकाल काय'. पद्मजा उजवा कान तिच्या बाजूला करून ऐकायची आणि म्हणायची, "ठेवून दे."

८

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आई तिला रिक्षानं सेंटरला घेऊन आली. शिरगुप्पेंनी नाही म्हटलं नाही, पण स्वतः आले नाहीत. कृष्णातनं तिला हाताला धरून टेबलावर झोपवलं, कपाळावर पट्टा आवळला. पट्टा तिला कळला नाही, चेहरा केव्हाच बधिर झाला होता.

"तुम्हाला काय झालंय का, कृष्णात?" तिनं विचारलं.

"काय न्हाय." मग थोड्या वेळानं, "बाजारात गुळाच्या ढेपा फोडत हुते. वास आला न्हाय."

तिनं मनातल्या मनात चौथ्या रकान्यावर नाव घातलं.

कडं फिरू लागलं. या आवाजाशेजारी तिनं किती रविवार काढले होते. घुर्रर्र, मग शांतता, मग टेबल थोडं सरकणार, मग पुन्हा. सात काप झाले. आठ. मग टेबल सरकलंच नाही.

"कृष्णात?"

भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "मॅडम, हललासा का?"

"नाही."

"जरा बी?"

"श्वासही धरला होता. का?"

"परत घेतो."

घुर्रर्र. शांतता. ती मोजत राहिली. तीस सेकंदांनी चित्र यायला हवं होतं. चाळीस झाले, साठ झाले.

"बोला की."

"हाड साफ आलंय," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "कडा सुरीगत आल्यात. डोस्कं हललेलं न्हाय. आतलं तेवडं हललंय."

बाहेर आईच्या बांगड्या वाजल्या. तिनं पदर सारखा केला असावा.

पद्मजानं वर्षानुवर्षं शेकडो मेंदू हातात घेतले होते. स्वतःहून जागा बदलणारी ती वस्तू नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता त्या ठाऊक असण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. तिनं मनातल्या मनात स्वतःच्या आत कान देऊन बघितलं आणि लगेच तसं करणं थांबवलं, कारण तिकडूनही कुणी तरी तसंच करत असल्यासारखं वाटलं.

"तळाचं मोठं छिद्र किती राहिलंय?" तिनं विचारलं. "मापून सांगा."

स्पीकर खरखरला नाही. बराच वेळ गेला. मग दाराची हवा अंगावर आली, पायांची चाहूल मात्र आली नाही. कुणी तरी पट्टा सोडवला असावा, कारण मान सैल झाली. ती वाट बघत राहिली.

मग तिच्या उजव्या कानाच्या पाळीला ऊबदार श्वास लागला. पाळीची नस मानेतून वर येते, कवटीतून नाही. म्हणून तेवढा तो लागला. कृष्णात वाकून तिच्या कानात आकडा सांगत होता.

"मोठ्यानं सांगा, कृष्णात," ती म्हणाली.

श्वास पुन्हा लागला, या वेळी जोरात आणि जास्त वेळ.